कोयनेच्या रानात पहिल्यांदा चालायला जाताना

कोयनेच्या खोऱ्यात चालायला जायचं मनात असेल, तर वाट विचारायची पद्धत आधी शिकून घ्या. "वाट कुठनं आहे?" एवढं विचारून इथे भागत नाही. "त्या वाटेनं हल्ली माणसं जातात का? कोण जातं, आणि शेवटचं कधी गेलं?" हेही विचारावं लागतं. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं या प्रश्नाभोवती फिरतं, म्हणून त्याचं कारण आधी सांगतो.

या खोऱ्यातल्या पायवाटा ट्रेकिंगसाठी पडलेल्या नाहीत. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या काठची गावं बाजाराला, देवाला, सोयरिकीला जायची, घाट उतरून कोकणात जायची, त्यातून त्या मळल्या. १९६०च्या दशकात कोयना धरण झालं आणि शिवसागर जलाशय खोऱ्यात लांबवर पसरला. कितीतरी गावं पाण्याखाली गेली, लोक दूरच्या जिल्ह्यांत वसले. १९८५ मध्ये उरलेल्या रानाचं कोयना अभयारण्य झालं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि आतल्या आणखी काही वाड्या बाहेर आल्या. माणसं गेली, वाटा मात्र जुन्या नकाशांवर आणि आता मोबाइलमध्ये राहिल्या. प्रत्यक्षात दोन-तीन पावसाळे पाऊल पडलं नाही तर कारवीची झुडपं वाट गिळतात. म्हणून आठ-दहा वर्षांपूर्वीचं कुणाचं वर्णन किंवा जीपीएसची रेघ घेऊन या रानात शिरू नका. ज्या वाटेनं आज माणूस चालतो तीच नवख्याची वाट, हा नियम पहिल्या वर्षी तरी मोडू नका.

आधी महिना ठरवा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ नवख्यांसाठी सगळ्यांत चांगला. हवा गार असते, वाटा वाळलेल्या असतात, वरच्या टाक्यांत आणि काही ओढ्यांत पाणी असतं.

पावसाळ्यात अभयारण्यातलं पर्यटन बंद असतं आणि ते योग्यच आहे. खोऱ्याच्या वरच्या टोकाला महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ओढे तासाभरात चढतात, सकाळी ओलांडलेला ओढा संध्याकाळी ओलांडता येईलच असं नाही. त्या महिन्यांत अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड अशा रस्त्याजवळच्या जागांवर चाला.

ऑक्टोबरमध्ये रान हिरवंगार असतं, मोह होतो. पण शेवाळ अजून सुकलेलं नसतं, ओल्या जागी जळवा असतात आणि दुपारचं ऊन घामटा काढतं. जमत असेल तर जा, पण पहिला ट्रेक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवू नका. मार्चपासून उलटी गत. ओढे आटलेले, कारवीची पानं गळालेली, सावली कमी, वणव्याची भीती. पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी पाणी जात राहतं आणि शिवसागर उतरत जातो, त्यामुळे होडीतून उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या काठावरून बरंच चालावं लागतं. एप्रिल-मेमध्ये जांभळं-करवंदं असतात, त्यासाठी जाणारे जातात. पण ते पहाटे निघतात आणि दुपारच्या आत सावलीला परत येतात.

पाय तयार करा: अजिंक्यतारा

साताऱ्यात राहणाऱ्याला किंवा साताऱ्यात उतरणाऱ्याला सरावासाठी दूर जायची गरज नाही. अजिंक्यतारा सुमारे १००० मीटर उंचीचा, शहरापासून साधारण ३०० मीटर वर. रोज पहाटे शेकडो सातारकर तो चढतात. त्यांच्यात मिसळून चढा, पण एक फरक करा: पाठीवर पिशवी घ्या आणि तिच्यात तीन लिटर पाणी भरा. मोकळ्या हातानं चढणं वेगळं आणि ओझं घेऊन चढणं वेगळं, हे शरीराला आधी कळायला हवं.

आता हिशेब पाहा. शिवसागर पूर्ण भरलेला असतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ६५९ मीटर. पहिला मोठा ट्रेक धरायचा तो शिवसागराकाठच्या रानातल्या वासोटा किल्ल्याचा; त्याचा माथा सुमारे ११७० मीटर. म्हणजे होडीतून उतरल्यापासून पाचशे मीटरची चढण आहे, अजिंक्यताऱ्याच्या दीडपटीहून जास्त, आणि तीही डांबरी रस्त्यानं नव्हे तर मुरूम, मुळं आणि वाळलेल्या पानांवरून. अजिंक्यतारा ओझ्यासकट न थांबता, बोलता येईल एवढ्या दमात चढता यायला लागला की तुम्ही वासोट्याला तयार झालात. बोलताना धाप लागत असेल तर आणखी दोन-तीन आठवडे द्या.

उतरण्याचाही सराव करा. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे आणि घोटे जातात. पाय वाकवून, छोटी पावलं टाकत, तळवा पूर्ण टेकवत उतरायची सवय लावा. बूट नवीन असतील तर ते इथेच मुरवा. खोल खाचांच्या तळव्याचे, घोटा धरून ठेवणारे बूट हवेत. गुळगुळीत तळव्याचे रनिंग शूज मुरमाच्या उतारावर घसरतात.

सडा आणि धुकं

दुसरी पायरी पठाराची. इकडे डोंगरमाथ्यावरच्या कातळी सपाटीला सडा म्हणतात. चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, कासचं पठार हे असेच सडे. सड्यावर चढण नसते म्हणून लोक त्याला सोपा समजतात, पण वाट हरवायची सर्वांत मोठी शक्यता इथेच असते. कातळावर पायवाट उमटत नाही. त्यात धुकं आलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि सड्याची कड कुठे संपते ते कळत नाही.

सरावासाठी कासजवळचा राजमार्ग मला फार आवडतो. हा जुना रस्ता, जवळजवळ सपाट, आणि त्यानं कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जाता येतं. फुलांच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, कासला आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क असतं आणि ठरवून दिलेल्या वाटेवरूनच चालायचं असतं. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलं. कोयना आणि चांदोलीही त्याच यादीत आहेत. इथली माती कातळावर बोटभरच आहे आणि फुलं त्या बोटभर मातीवर जगतात. फोटोसाठी आत पाऊल टाकलं की पुढच्या वर्षीचं बी चिरडतं, म्हणून दोरीच्या आत राहा आणि सोबतच्यांनाही थांबवा.

सड्यावर चालताना दर पंधरा मिनिटांनी मागे वळून पाहा. परतताना तीच जागा उलट्या बाजूनं दिसणार असते. एखादं वाकडं झाड, शेंदूर लावलेला दगड, ओढ्याचं वळण अशा खुणा मनात धरा. धुकं दाटलं तर थांबा, सगळे एकत्र बसा. आपल्याकडचं धुकं बहुतेक वेळा वाऱ्याबरोबर विरळ होतं.

जवळच घाटाई देवीचं देऊळ आणि तिची देवराई आहे. रानात शिरल्यावर पायाखालचा आवाज कसा बदलतो, उजेड किती लवकर कमी होतो, ते कळायला ही देवराई उत्तम. देवराईतली काटकीही उचलायची नाही, हे मुलांनाही आधी सांगून ठेवा.

पिशवीत काय

पाणी माणशी तीन लिटर, धातूच्या किंवा टिकाऊ बाटल्यांत. वासोट्याच्या पायथ्याशी वनखात्याच्या चौकीत पिशव्या तपासतात, प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. प्लॅस्टिक न्यायचंच नाही, हा सोपा उपाय.

जेवण साधं आणि कोरडं ठेवा. चपाती किंवा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, सुकी बटाट्याची भाजी, फडक्यात बांधून. गूळ-शेंगदाणे खिशात, पिशवीत खाली नको. चढणीवर थोडे थोडे तोंडात टाकायचे असतात. लिंबू, मीठ आणि साखर घ्या. पायात गोळे यायला लागले की नुसत्या पाण्यानं भागत नाही.

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पूर्ण पँट घाला, कितीही उकडत असलं तरी. काट्यांइतकंच महत्त्वाचं कारण आहे खाजकुहिली. हिवाळ्यात हिच्या शेंगा पिकतात आणि त्यांवरची बारीक लव अंगाला लागली की आग-आग होते. लागली तर चोळू नका, चोळली की पसरते. चिकटपट्टी दाबून ओढा आणि मग पाण्यानं धुवा. दाट झाडीत मखमली, तपकिरी शेंगा लोंबताना दिसल्या की मागच्याला मोठ्यानं सांगा.

यांखेरीज विजेरी आणि तिचे जास्तीचे सेल, शिट्टी, क्रेप बँडेज, स्वतःची रोजची औषधं, काडेपेटी, हलकी चादर. काडेपेटी अडचणीसाठी आहे, चहासाठी नाही. अभयारण्यात आग पेटवायला मनाई आहे. अत्तर, सेंट, डिओ लावून येऊ नका. याचं कारण पुढे येतंच.

परवाना आणि होडी

वासोट्याची होडी शिवसागराच्या काठच्या बामणोली गावातून धरायची. साताऱ्यातून बामणोलीचा रस्ता यवतेश्वरचा घाट चढून, कासवरून जातो. अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर, पण घाट आणि वळणं यामुळे दीड तास धरा. एसटी आहे, मात्र एका दिवसात वासोटा करायचा तर सकाळच्या गाडीच्या वेळेवर अवलंबून राहणं अवघड जातं. आदल्या दिवशी बामणोलीत किंवा आसपासच्या गावात मुक्काम करा. घरगुती जेवण मिळतं, आणि जेवता जेवता वाटेची ताजी खबर मिळते, ती जेवणाहून मोलाची. वाढणाऱ्या मावशींना विचारा, होडीवाल्या दादांना विचारा. "पाव्हणं, काल गेल्ती की पोरं, वाट चांगली मळल्या," असं कुणी म्हणालं की निश्चिंत व्हा. "तिकडं आता कोण जातंय?" असं उत्तर आलं तर तो बेत तिथेच सोडा.

वनखात्याची परवानगी बामणोलीतून घ्यावी लागते. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. शुल्क आणि होडीचे दर बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. होडी बहुतेक वेळा दिवसभरासाठी आणि पूर्ण गटासाठी ठरते, त्यामुळे दोघा-तिघांना ती महाग पडते. सहा ते दहा जणांचा गट खर्चालाही बरा आणि सांभाळायलाही. पहिल्या वेळी वाटाड्या घ्याच. त्याची मजुरी आधी ठरवा आणि जेवण आपल्यातलं द्या. ज्या माणसाच्या आजोबांची शेती त्या पाण्याखाली आहे, तो रान दाखवतो तेव्हा वाटेबरोबर गावांची नावंही सांगतो. ती ऐकून घ्या.

होडीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीही. जलाशयात उतरून पोहायचं नाही. काठ एकदम खोल जातो, खाली गाळ आहे, बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत.

वासोट्याचा दिवस, तासातासानं

सकाळी सातला तयार, आठच्या आत कागदपत्रं पूर्ण, साडेआठला होडी. पाण्यावरचा प्रवास तास-दीड तासाचा. उतरायचं मेट इंदवलीला. मेट म्हणजे गडाच्या पायथ्याची जुनी पहाऱ्याची वस्ती. आज तिथे गाव नाही, वनखात्याची चौकी आहे. नोंद करा, गटातली माणसं मोजा.

दहाच्या सुमाराला चालायला लागा आणि त्याच क्षणी परतीची वेळ सगळ्यांना सांगा: दुपारी दीड. दीड वाजता तुम्ही जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा हाकेच्या अंतरावर असला तरी. हे कठोर वाटेल, पण वासोट्याची जागा लक्षात घ्या. गड सह्याद्रीच्या ऐन धारेवर, आणि आपली वाट त्याच्या पूर्वेच्या उतारावर. दुपारनंतर सूर्य धारेमागे जातो आणि सूर्यास्ताला वेळ असतानाच या उतारावर अंधारी पसरते, वर झाडांचं छत. शिवाय होडीला उजेडात परत यायचं असतं आणि रानात मुक्कामाला परवानगी नाही. संध्याकाळी अस्वल आणि गवा पाण्याकडे निघतात तेव्हा तुम्ही त्यांच्या वाटेत नसलेलं बरं. नवख्या गटांचा उशीर चढताना होत नाही, तो माथ्यावर फोटो काढताना होतो.

सुरुवातीला गणपती आणि मारुतीच्या मूर्ती लागतात, मग ओढा, मग दाट झाडी. जांभूळ, अंजनी, हिरडा, वर चढावं तशी कारवी. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. ते वर्ष तुमच्या वाट्याला आलं तर डोंगराचा उतार जांभळा दिसतो. पहिला तास हळू चाला. पुढे सर्वांत हळू चालणारा माणूस ठेवा, मागे सर्वांत अनुभवी. मागच्या माणसाच्या मागे कुणी राहायचं नाही, पुढच्याच्या पुढे कुणी जायचं नाही. नैसर्गिक विधीला कुणी बाजूला गेलं तर सगळा गट थांबेल.

वाटेत एक फाटा नागेश्वरकडे जातो. नागेश्वर ही कड्यातली गुहा, आत शिवलिंग. महाशिवरात्रीला तिथे कोकणातल्या चोरवण्याकडून घाट चढून भाविक येतात. ती वाट आजही टिकून आहे ती त्यांच्या पावलांमुळे. पहिल्या खेपेला मात्र गड किंवा नागेश्वर, एकच धरा. दोन्ही एका दिवसात करणारे गट परतताना धावतात, आणि मुरमाच्या उतारावर धावणाऱ्याचा घोटा मुरगळतो.

शेवटचा टप्पा उघडा आणि खडा. कातळातल्या पायऱ्या काही शाबूत, काही ढासळलेल्या. वर छप्पर नसलेला मारुती आहे, महादेवाचं देऊळ आहे, टाकी आहेत, वाड्याची जोती आहेत. शिवरायांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिलं. भोवतालचं रान एवढं घनदाट की कैदी ठेवायला हा गड वापरत. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून तो घेतला. त्या जुन्या वासोट्याकडे आज जाऊ नका. वाटा मोडल्या आहेत, रान माजलं आहे; सुरुवातीला जो प्रश्न सांगितला त्याचं उत्तर तिथे "कुणीच नाही" असं आहे.

बाबुकड्यावर जाऊन उभे राहा, पण कडेपासून तीन-चार पावलं मागे. कडा इंग्रजी यू आकाराचा, सरळ तुटलेला. काठावरचं गवत वाळलं की पाय घसरतो. स्वच्छ हवेत पश्चिमेला कोकणातले रसाळगड, सुमारगड, महिपतगड आणि उत्तरेकडे चकदेव दिसतो. इथे पाण्याची वाटणी होते: पूर्वेला पडलेला थेंब कोयनेतून कृष्णेत आणि बंगालच्या उपसागरात, पश्चिमेचा कोकण उतरून अरबी समुद्रात. ही गोष्ट सुंदर आहेच, शिवाय ती जीव वाचवणारी आहे. का, ते खाली सांगतो.

माथ्यावर पाऊण-एक तास. एकला जेवण आटपलेलं असावं. उतरायला दीड ते दोन तास धरा, साडेतीनला चौकी, चारला होडी.

मधमाशा, गवे, साप

लोक विचारतात, वाघ दिसेल का? कॅमेऱ्यांत वाघांची नोंद झाली आहे, पण पायी चालणाऱ्याला तो दिसणं जवळजवळ अशक्य. खरी काळजी तीन गोष्टींची घ्यायची.

पहिली आग्यामोहोळ. सह्याद्रीच्या कड्यांना मोठमोठी पोळी लटकलेली असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा, दगड यांनी माशा उठतात. म्हणूनच सेंट नको, विडी-सिगारेट नको, कड्याखाली शिट्ट्या नकोत. माशा उठल्याच तर हात हलवत उभे राहू नका. तोंड-मान कापडानं झाकून, उताराचं भान ठेवत, जमेल तितक्या लवकर दूर जा, शक्य तर दाट झाडीतून. पाण्यात उडी मारू नका, माशा वर वाट पाहतात. काटे नखानं किंवा कार्डाच्या कडेनं खरवडून लगेच काढा. खूप डंख झाले, ओठ सुजले किंवा दम लागला तर तो माणूस त्याच क्षणी दवाखान्याकडे.

दुसरा गवा. कळप सहसा स्वतः निघून जातो. एकटा नर किंवा पिल्लासोबतची मादी यांच्यापासून लांब राहा. समोर आला तर थांबा, हळूहळू मागे सरा, त्याला जायला वाट मोकळी ठेवा. अस्वलाचं उलट असतं: त्याला माणूस अचानक समोर आलेला चालत नाही. दाट कारवीत म्हणूनच नेहमीच्या आवाजात बोलत चाला, म्हणजे ते आधीच बाजूला होतं. इतर ठिकाणी शांतता पाळलीत तर शेकरू दिसेल, भेकराचा भुंकण्यासारखा आवाज ऐकू येईल.

तिसरा साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही इकडे आहेत, आणि झाडावर हिरवा चापडा. ओंडका ओलांडताना आधी त्यावर पाय ठेवा, पलीकडे बघा, मग उतरा. न पाहता कपारीत हात घालू नका. फांदी धरण्याआधी तिच्याकडे नजर टाका. दंश झालाच तर चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव फळीसारखा सरळ बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, उचलून होडीपर्यंत आणा. इथे फोनला रेंज नसते, म्हणून एकजण पुढे चौकीकडे पाठवायचा असतो, शक्य असेल तर दोघे. होडीचा वेळ, घाटाचा वेळ धरला तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत पोचायला काही तास लागतात, त्यामुळे गावठी उपायांत दहा मिनिटंही घालवू नका. रेंज आली की १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बामणोलीकडे निघू द्या. वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे.

जळवेची मात्र भीती बाळगू नका. मिठाची पुरचुंडी लावली की सुटते, ओढून काढायची नाही. गोचीड घरी गेल्यावर शोधायची: काख, कंबर, गुडघ्यामागे.

वाट चुकली तर

पाच मिनिटं पायवाट दिसली नाही तर थांबा. रानात गुरांच्या ढोरवाटा आणि जनावरांच्या वाटाही असतात. त्या सुरुवातीला रुंद असतात आणि झुडपात शिरून संपतात. ज्या वाटेवर फांद्या छातीच्या उंचीवर आडव्या येतात ती बहुधा माणसांची नाही. शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथपर्यंत सगळ्यांनी मिळून मागे जा. वाट शोधायला चौघांनी चार दिशांना पांगायचं नाही.

आणि पाण्याच्या वाटणीची गोष्ट. चुकलेला माणूस सहज ओढ्याच्या काठानं उतरायला लागतो, "खाली गाव असेलच" म्हणून. धारेजवळ हे जिवावर बेततं. पश्चिमेचा ओढा काही अंतरावर थेट कड्यावरून कोकणात कोसळतो, आणि वरून तो टप्पा दिसत नाही. मधेच तुम्ही अशा जागी पोचता जिथून खालीही जाता येत नाही आणि घसरट कातळावरून परत वरही चढता येत नाही. पूर्वेचे ओढेही धबधब्यांच्या टप्प्यांनी उतरतात. म्हणून ओढा धरू नका. उघड्या, दिसणाऱ्या जागी बसा, तीन-तीन शिट्ट्या थांबून थांबून वाजवा. चौकीत नाव नोंदवलेलं आहे आणि होडी तुमच्यासाठी थांबलेली आहे. तुम्ही आला नाहीत तर शोध सुरू होणार आहे. निघताना घरी वेळ, वाट आणि होडीवाल्याचा नंबर लिहून ठेवला असेल तर शोध आणखी लवकर सुरू होईल.

पुढच्या वर्षी

वासोटा नीट झाला की वरच्या अंगाचं कांदाटी खोरं बघा: चकदेव, पर्वत, महिमंडणगड. तापोळ्याकडून होडीनं किंवा रस्त्यानं जाता येतं. वस्त्या अजून आहेत, देवळं जागती आहेत, त्यामुळे वाटा मळलेल्या आहेत. तरी वाटाड्या घ्या. खालच्या अंगाला नवज्याजवळचा जंगली जयगड आणि हेळवाकच्या बाजूचा भैरवगड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहेत. वनखात्याशी बोलून, परवानगी घेऊन मगच जा.

सांगलीकरांनी सुरुवात सागरेश्वरपासून करावी. देवराष्ट्रेजवळचं हे जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं अभयारण्य उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून उभं केलेलं आहे, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं त्यामागे मोठं काम आहे. सांबर, चितळ, काळवीट दिसतात आणि वाटा सोप्या आहेत. चांदोली राष्ट्रीय उद्यानात मनाला येईल तिथे पायी भटकता येत नाही. मणदूरच्या बाजूनं परवानगी काढून, गाइडसोबत, ठरलेल्या रस्त्यानं झोळंबीच्या सड्यापर्यंतचा भाग पाहता येतो, आणि पहिल्यांदा तेवढं पुष्कळ आहे. सांगलीहून वासोट्याला यायचं असेल तर आदल्या दुपारी निघा, कराड-सातारा करून संध्याकाळच्या उजेडात यवतेश्वरचा घाट चढा आणि मुक्काम बामणोलीत ठेवा. रात्रीच्या धुक्यात तो घाट आणि कासचा रस्ता अनोळखी माणसानं चालवू नये.